लाईट आली, लॅपटॉप उठला, पण अंगठ्याचं मशीन झोपलेलंच : हायबरनेशननंतरचा हा घोळ नेमका काय असतो?

गेल्या नोव्हेंबरमधली गोष्ट. मी वेळापूरला मामाकडे गेले होते. मामाचं छोटं सेवा केंद्र आहे. एक लॅपटॉप, एक प्रिंटर, एक अंगठ्याचं मशीन आणि बाहेर एक बाकडं. नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्याचा महिना, त्यामुळं बाकड्यावर सगळी पेन्शनवाली मंडळी. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये ‘जीवन प्रमाण’ सुरू झालं आणि ‘मी जिवंत आहे’ हे अंगठा लावून सांगता यायला लागलं. सोय मोठी आहे. फक्त मशीननं अंगठा घेतला पाहिजे.

त्या दिवशी सकाळी दोन तास लाईट नव्हती. लाईट आली, मामानं लॅपटॉप उघडला, स्क्रीन लगेच आली. पहिला नंबर एका आबांचा. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, सत्तरी पार केलेले. त्यांनी अंगठा लावला. घेतला नाही. धोतराला पुसून परत लावला. नाही. दुसरं बोट लावलं. नाही.

मामा म्हणाला, "आबा, ठसे झिजलेत तुमचे. उद्या या, बघू."

आबा काही बोलले नाहीत. स्वतःच्या अंगठ्याकडं बघत बघत एसटी स्टँडकडं निघून गेले.

अर्ध्या तासानं प्रिंटर अडला म्हणून मामानं लॅपटॉप रिस्टार्ट केला. नंतर आलेल्या आजींचा अंगठा पहिल्या झटक्यात लागला. आजींचे हात आबांपेक्षा कमी झिजलेले नव्हते. मग चूक कुणाची होती? आबांच्या अंगठ्याची, मशीनची, की लॅपटॉपची?

मामाला विचारलं तर म्हणाला, "अगं, ते मशीनच तसंय. कधी चालतंय, कधी नाही. दुकानात नेलं की मात्र झकास चालतंय."

हे ‘कधी चालतंय, कधी नाही’ प्रकरण फक्त मामाकडं नाही. कुणाच्या लॅपटॉपचा वायफाय झाकण उघडल्यावर गायब होतो, कुणाचा आवाज जातो, कुणाचा माऊस हलत नाही. मशीन बदललं, केबल बदलली, पैसे गेले आणि घोळ तसाच, हेही बऱ्याच जणांचं झालेलं असतं. म्हणून आज हा विषय नीट समजून घेऊ.

आधी एक गोष्ट : झोप वेगळी, हायबरनेशन वेगळं

वेळापूरकरांना हे समजवायला वारीपेक्षा चांगलं उदाहरण नाही. माऊलींची पालखी माळशिरसहून निघते, खुडूस फाट्यावर रिंगण होतं आणि मुक्कामाला वेळापुरात येते. वाटेत वारकरी दोन प्रकारे थांबतात. एक म्हणजे विसावा. पताका खाली टेकवायची, पाणी प्यायचं आणि पाच-दहा मिनिटांत चालायला लागायचं. सामान सोडायचंच नाही. दुसरा मुक्काम. तिथं तंबू ठोकायचे, भांडी काढायची आणि पहाटे सगळं परत ट्रकमध्ये भरून पुढच्या गावी नव्यानं मांडायचं.

कॉम्प्युटरची साधी झोप, म्हणजे ‘स्लीप’, हा विसावा आहे. तुमचं उघडं काम रॅममध्येच असतं आणि रॅमला थोडी थोडी वीज चालू असते. म्हणून दोन सेकंदांत तो जागा होतो. पण वीज पूर्ण गेली की रॅममधलं सगळं पुसलं जातं.

हायबरनेशन म्हणजे सामान भरून ट्रकमध्ये ठेवणं. रॅममधलं चालू काम एका मोठ्या फाईलमध्ये लिहिलं जातं आणि ती फाईल हार्ड डिस्कवर किंवा एसएसडीवर ठेवली जाते. विंडोजमध्ये तिचं नाव ‘हायबरफिल डॉट सिस’. विंडोज १० मध्ये पूर्ण हायबरनेशनसाठी ती साधारण रॅमच्या ४० टक्के एवढी असते, म्हणजे ८ जीबी रॅम असेल तर ३ जीबीच्या आसपास. फाईल लिहून झाली की लॅपटॉप पूर्ण बंद. बॅटरी काढून ठेवली तरी फरक पडत नाही.

आता तुम्ही म्हणाल, "आम्ही तर हायबरनेट कधी करतच नाही." तिथंच गंमत आहे. विंडोज ८ पासून हे बटण मेनूमध्ये आपणहून दिसत नाही, पण काम सुरूच असतं. लाईट जाते, लॅपटॉप बॅटरीवर चालत राहतो, बॅटरी अगदी तळाला गेली की बहुतेक लॅपटॉप स्वतःच हायबरनेट होतात. तुमचं काम वाचावं म्हणूनच ही सोय आहे. मामाच्या लॅपटॉपचं रोज हेच होत होतं आणि मामाला पत्ताच नव्हता.

मग जागं होताना बिघडतं काय?

लाईट आली, तुम्ही बटण दाबलं. लॅपटॉप आधी स्वतःची प्राथमिक तपासणी करतो. मग विंडोजला कळतं की इथं हायबरनेशनची फाईल पडली आहे. ती फाईल वाचून रॅम जशी होती तशी परत भरली जाते.

आता नीट लक्ष द्या. विंडोजच्या स्मृतीत सगळं जिथल्या तिथं आहे. त्याच्या दृष्टीनं मधे वेळ गेलेलाच नाही. त्याच्या वहीत लिहिलंय, ‘अंगठ्याचं मशीन, दुसरा पोर्ट, तयार’. पण मशीनची वीज मधे पूर्ण गेली होती. त्याच्या आतल्या सगळ्या नोंदी पुसल्या गेल्यात. ते आत्ता नवीन जन्म घेतल्यासारखं आहे.

म्हणजे एकाला सगळं आठवतंय आणि दुसऱ्याला काहीच आठवत नाही. या दोघांची परत ओळख करून द्यायचं काम ड्रायव्हरचं. ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि त्या यंत्रामधला दुभाषा. जागं होताना विंडोज प्रत्येक ड्रायव्हरला सांगतं, ‘तुझं यंत्र पूर्ण वीज देऊन परत कामाला लाव’. चांगला ड्रायव्हर यंत्राची सगळी जुळवणी नव्यानं करतो. कच्चा ड्रायव्हर जुन्याच नोंदीवर विसंबून राहतो आणि गाडी अडते.

पण मग रोज का अडत नाही?

हा खरा प्रश्न आहे. रोज बंद पडणारं यंत्र दुरुस्त करणं सोपं असतं. कधीतरी बंद पडणारं यंत्र म्हणजे पाहुण्यांसमोर शहाणं होणारं पोर. घरात धुमाकूळ, चारचौघांत गरीब गाय. त्यामागची मुख्य कारणं चार.

एक, वेळेची शर्यत. जागं होताना वायफाय, कॅमेरा, डिस्क, यूएसबीची यंत्रं अशी सगळी एकाच वेळी उठत असतात. विंडोज यूएसबीच्या यंत्राला विचारतं, ‘तू कोण?’ त्यानं ठराविक वेळेत उत्तर द्यायचं असतं. आज उत्तर वेळेत आलं, उद्या जरा उशिरा आलं. उशीर झाला की विंडोज त्याच्यावर ‘अनोळखी यंत्र’ असा शिक्का मारून पुढं जातं.

दोन, वीज. यूएसबी २ च्या पोर्टला ५ व्होल्टवर जास्तीत जास्त ५०० मिलीअँपिअर देण्याची मर्यादा असते. एकाच स्वस्त हबला प्रिंटर, माऊस, पेन ड्राइव्ह आणि अंगठ्याचं मशीन लावलं, तर एवढ्याच विजेत सगळ्यांचं भागवायचं. एरवी भागतं. सगळे एकदम उठले की कुणीतरी उपाशी राहतं.

तीन, ढिला जोड. रोज काढ-घाल केलेला पोर्ट, पिळलेली केबल, धूळ. गार असताना एक वागणं, तापल्यावर दुसरं.

चार, मधला माणूस. आधारच्या मशीनसाठी लॅपटॉपवर एक ‘आरडी सर्व्हिस’ सतत चालू असते. ती अंगठा घेऊन सुरक्षितपणे पुढं पाठवते. कधी कधी यंत्र व्यवस्थित उठतं, पण ही सर्व्हिस झोपेआधीचं जुनंच कनेक्शन धरून बसते. यंत्राचा दिवा लागलेला असतो, तरी अंगठा घेतला जात नाही.

‘बंद करून चालू केला होता’, पण खरंच बंद झाला होता का?

हा मुद्दा कळला तर अर्धा लेख कळला.

कॉम्प्युटर बिघडला की आपण सगळे एकच मंत्र म्हणतो, ‘बंद करून चालू कर’. पण २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे आणि बहुतेक कॉम्प्युटरवर ती आपोआप चालूच असते. तिच्यात तुम्ही ‘शट डाउन’ केलं की तुमची उघडी कामं बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर हायबरनेट होतात. पुन्हा चालू केलं की तोच गाभा जसाच्या तसा परत येतो. म्हणून कॉम्प्युटर पटकन सुरू होतो. आणि म्हणूनच जुना घोळही सोबत घेऊन येतो.

‘रिस्टार्ट’ केलं तर मात्र गाभा खरोखर नव्यानं सुरू होतो.

विश्वास बसत नसेल तर स्वतः करून बघा. टास्क मॅनेजर उघडा, ‘परफॉर्मन्स’मध्ये जाऊन ‘सीपीयू’वर क्लिक करा आणि खाली ‘अप टाइम’ बघा. रोज रात्री शट डाउन करणाऱ्याच्या कॉम्प्युटरवरही तिथं कित्येक दिवसांचा आकडा दिसू शकतो. मामाच्या लॅपटॉपवर तीन आठवड्यांचा होता. मामा म्हणाला, "म्हणजे मी रोज रात्री बंद करतोय ते काय?" मी म्हटलं, "मामा, ते बंद नाही, तो मुक्काम आहे."

आता शोधायचं कसं?

पहिली पायरी वहीची. हो, साधी वही. मशीन अडलं की वेळ लिहायची. त्याआधी काय झालं होतं ते लिहायचं : लाईट गेली होती, झाकण लावलं होतं, शट डाउन केलं होतं की रिस्टार्ट? स्क्रीनवर कोणता आकडा आला? यंत्र कोणत्या पोर्टला होतं? दहा नोंदी झाल्या की घोळाला स्वतःचा चेहरा येतो. आम्ही अकरा नोंदी केल्या. त्यातली एकही रिस्टार्टनंतरची नव्हती.

दुसरी पायरी, आकडा वाचायचा. आधारच्या व्यवहारात हे आकडे फार कामाचे आहेत. ३०० आला तर अंगठा आधारपर्यंत पोहोचला, पण तिथल्या ठशाशी जुळला नाही. ७२० आला तर यंत्रच तयार नाही. म्हणजे ७२० असताना माणसानं हात कितीही धुतले, तेल लावलं, बोट बदललं, तरी काही उपयोग नाही. अंगठा कुणी पाहिलेलाच नसतो.

तिसरी पायरी, डिव्हाइस मॅनेजर. स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक केलं की तो यादीत दिसतो. एखाद्या यंत्रावर पिवळा त्रिकोण असेल तर त्यावर डबल क्लिक करा, कोड दिसेल. कोड १० म्हणजे यंत्र सुरूच होऊ शकलं नाही. कोड ४३ म्हणजे यंत्रानं काहीतरी बिघाड कळवला म्हणून विंडोजनं ते थांबवलं. जागं झाल्यावर कोड आहे आणि रिस्टार्टनंतर तो गायब होतो, तर पहिला संशय ड्रायव्हरवर आणि वीजबचतीच्या सेटिंगवर घ्यायचा. रिस्टार्टनंतरही तसाच राहिला, तर केबल, पोर्ट किंवा यंत्रावर.

चौथी पायरी, इव्हेंट व्ह्यूअर. कॉम्प्युटरमध्ये काय घडलं याची वेळेसकट रोजनिशी तिथं असते. ‘सिस्टिम’ विभागात जाऊन वहीतली वेळ जुळवा. वारीत समाज आरतीला चोपदारांनी चोप उंचावला की सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचेच टाळ वाजत राहतात, मग तिच्याकडं जाऊन विचारलं जातं. लाल खुणेच्या नोंदी म्हणजे तसे न थांबलेले टाळ समजा. पण एक सावधगिरी : ‘कर्नल पॉवर ४१’ दिसलं म्हणून घाबरू नका. कॉम्प्युटर नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला, एवढंच ते सांगतं. कारण सांगत नाही. ‘व्हिया लॉगर’च्या चुका वारंवार दिसल्या तर मात्र प्रोसेसर, रॅम किंवा मदरबोर्डवर संशय घ्यायला जागा आहे.

पाचवी पायरी, एका वेळी एकच बदल. केबल, पोर्ट आणि ड्रायव्हर एकाच दिवशी बदलले आणि मशीन चाललं, तर कशामुळं चाललं हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

आणि उपाय?

फुकटातल्या उपायांपासून सुरू करा.

यंत्र हबमधून काढून थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘यूएसबी रूट हब’ उघडून ‘पॉवर मॅनेजमेंट’मध्ये जा आणि ‘वीज वाचवण्यासाठी हे यंत्र बंद करायला परवानगी’ अशा अर्थाच्या ओळीसमोरची खूण काढा. कंट्रोल पॅनेलच्या ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये ‘पॉवर बटणं काय करतात’ हा भाग आहे, तिथं फास्ट स्टार्टअप बंद करता येतं. कॉम्प्युटर सुरू व्हायला थोडा जास्त वेळ लागेल, पण शट डाउन म्हणजे खरंच शट डाउन होईल.

ड्रायव्हर आणि बायोस नवीन घ्यायचे तर ते बनवणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवरूनच घ्या. ‘एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट’ म्हणणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरपासून लांब राहा. बायोस अपडेट करताना चार्जर लावलेला हवा आणि बॅटरीही भरलेली हवी. मधेच लाईट गेली तर लॅपटॉप कायमचा बसू शकतो.

इंटरनेटवर बरेच जण सल्ला देतात की हायबरनेशनच कायमचं बंद करून टाका. त्यासाठी कमांडही आहे आणि ती चालते. पण आपल्याकडं थांबून विचार करायला हवा. जिथं लाईट बेभरवशाची आहे तिथं बॅटरी तळाला गेल्यावर तुमचं काम वाचवणारी सोय हीच आहे. ती काढली तर मशीनचा घोळ मिटेल, पण अर्धवट भरलेला फॉर्म एखाद दिवशी हातचा जाईल. त्यापेक्षा हायबरनेशन राहू द्या आणि महत्त्वाच्या कामाआधी रिस्टार्ट करा.

दोन गोष्टी मात्र अजिबात करू नका. हायबरनेट झालेल्या लॅपटॉपची रॅम किंवा डिस्क बदलू नका. आणि त्याची डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून त्यावर काही लिहू नका. जागं झाल्यावर विंडोज जुन्याच नोंदीवर चालायला लागतं आणि फाईली खराब होऊ शकतात.

खरंच हार्डवेअर गेलंय हे कधी मानायचं?

रिस्टार्टनंतरही तोच त्रास होतो, दुसऱ्या लॅपटॉपवरही तेच यंत्र तसंच अडतं, केबल हलवली की चालू-बंद होतं, किंवा निळी स्क्रीन परत परत येते, तेव्हा दुरुस्तीवाल्याकडं जायचं. त्याआधी बॅकअप घ्यायचा. रॅमचा संशय असेल तर विंडोजमध्येच ‘मेमरी डायग्नॉस्टिक’ आहे, ते रात्री लावून बघा. हायबरनेशनमध्ये रॅममधलं सगळं डिस्कवर जातं आणि परत येतं, त्यामुळं या दोन्हींपैकी एक जरी कच्चं असलं तरी त्रास बऱ्याचदा इथं पहिल्यांदा दिसतो.

दुकानात जाताना वही सोबत न्या. ‘कधी चालतंय, कधी नाही’ म्हटलं तर दुकानदारही अंदाजानंच पार्ट बदलणार. ‘बॅटरी संपून हायबरनेट झाला की अडतो, रिस्टार्टनं सुटतो, हबशिवाय कमी अडतो’ असं सांगितलं तर त्याचा वेळ वाचतो आणि तुमचे पैसेही. शिवाय दुकानात मशीन चालतं त्यामागचं कोडंही इथंच सुटतं : तिथं लॅपटॉप बहुतेक वेळा नव्यानं सुरू केलेला असतो आणि मशीन नव्यानं जोडलेलं असतं.

मामाकडं आम्ही हब काढला, फास्ट स्टार्टअप बंद केलं आणि काउंटरवर एक कागद चिकटवला : ‘लाईट जाऊन आली? आधी रिस्टार्ट, मग अंगठा. ७२० आला तर माणसाला दोष देऊ नये.’ मशीन अजूनही महिन्यातून एखाद्या वेळी अडतं. पण आता काय करायचं ते माहीत आहे.

हेही खरं की वय आणि कष्टानं ठसे झिजतात आणि काही जणांचा अंगठा खरोखरच लागत नाही. त्यांच्यासाठी डोळ्याचा किंवा चेहऱ्याचा पर्याय आहे. जीवन प्रमाणला २०२१ पासून मोबाईलवर चेहरा दाखवूनही दाखला करता येतो. पण आधी आकडा बघायचा, मग अंगठ्यावर बोलायचं.

आबांना मामानं स्वतः फोन करून बोलावून घेतलं. ते आले, बाकड्यावर न बसता थेट काउंटरशी उभे राहिले आणि सवयीनं अंगठा धोतराला पुसायला लागले. मामा म्हणाला, "राहू द्या आबा, तुमचा अंगठा चांगलाय. त्या दिवशी आमचा डबा झोपला होता."

दिवा लागला, अंगठा लागला, दाखला निघाला. आबांनी तो कागद दोनदा वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला.